उसन्या पेन ड्राइव्हने विंडोज टाकण्याचा शास्त्रोक्त विधी

डहाणूत उसनवारीला कोणी कमीपणा मानत नाही. शिडी, सतरंजी, चिकू उतरवायची जाळीची काठी या वस्तू एका घराच्या नसतात, आळीच्या असतात. तेव्हा लॅपटॉप निळा पडून बसला, तर उसन्या पेन ड्राइव्हने विंडोज पुन्हा टाकायला लाजू नये. कायदाही आड येत नाही. विधी तेवढा नीट पाळावा.

साहित्य : आजारी लॅपटॉप, चार्जर, तलासरीचा भाचा, त्याचा ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, दोन डझन चिकू.

मुहूर्त : पावसाळी संध्याकाळ वर्ज्य. काम अर्ध्यावर असताना वीज जाते आणि जुनी बॅटरी आरती संपेपर्यंतही टिकत नाही.

कृती :

१. भाचा गाठावा. त्याच्या पेन ड्राइव्हवरचा विंडोजचा ऐवज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरही फुकट मिळतो. पण त्या ऐवजाच्या पाचेक जीबीची आणि आपल्या रोजच्या दीड जीबीच्या पॅकची पत्रिका जुळत नाही. म्हणून एसटीने चारोटी, तिथून महामार्गाने तलासरी. भाचा म्हणेल, "मामा, विंडोज चालू करायची किल्ली पण घेऊन जा. पंचवीस अक्षरांची आहे, आमच्या सगळ्या आळीत तीच चालते." इथे मामाने कठोर व्हावे.

२. भेद ओळखावा. पेन ड्राइव्ह म्हणजे शिडी, किल्ली म्हणजे सातबारा. शिडी शेजाऱ्याची चालते. सातबारा आपल्याच नावाचा लागतो. विंडोज ७ च्या काळात किल्ली लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर असे. विंडोज ८ पासून कंपनी ती बहुधा मदरबोर्डातच घालून देते. चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३ब सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगते. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैदेऐवजी पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. तेवढ्यात नवा लॅपटॉप येतो.

३. लग्नाचे फोटो आणि वाडीचे हिशेब दुसरीकडे काढून ठेवावेत. वायफायचा ड्रायव्हरही जपावा. नाहीतर ड्रायव्हरसाठी नेट लागते आणि नेटसाठी ड्रायव्हर.

४. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. एफ-१२, एफ-९ की एस्केप, हे ज्या त्या कंपनीचे कुलाचार. किल्ली विचारली, तर 'माझ्याकडे नाही' असे खरे सांगावे आणि पूर्वी होती तीच आवृत्ती निवडावी. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. नेट जोडले की विंडोज १० किंवा ११ जुने यंत्र ओळखते. सत्याचे फळ इतक्या लवकर मिळाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

५. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्राला ११ झेपत नसेल, तर लिनक्स उसने घ्यावे. उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रती काढून गावभर वाटल्या तरी कोणी हरकत घेत नाही.

६. उसने भांडे रिकामे परत करू नये, ही रीत पेन ड्राइव्हला लावू नये. आपला व्हायरस आपल्याकडेच ठेवावा. चिकू वेगळ्या पिशवीत द्यावेत.

एवढ्यावरही भाचा त्या किल्लीचा आग्रह धरील, तर त्याला आठवण द्यावी : डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरचा चिकू आपल्या नावाने विकला की आपल्याला राग येतो. मायक्रोसॉफ्टचेही तेच दुखणे आहे.