निजामाच्या काळातली

आमच्या पूर्णेत वस्तूचं वय सालात सांगायची पद्धत नाही. तांब्याचा हंडा, शिसवी पलंग, आडावरचं कडं, शाळेची घंटा आणि एखाददुसरे रिटायर हेडमास्तर, हे सगळे 'निजामाच्या काळातले'. आसफजाही १७२४ पासून १९४८ पर्यंत चालली. सव्वादोनशे वर्षांचं पोतं, त्यात काहीही मावतं. त्यामुळे वाड्यातले आबा उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "गुरुजी, निजामाच्या काळातली आहे, तेवढी ओरिजनल आहे का बघा," तेव्हा पहिल्या अर्ध्या वाक्याकडं मी लक्षच दिलं नाही.

२०२० ची दिवाळी नुकतीच सरली होती. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात आदल्या डिसेंबरात दुरुस्ती झाली आणि माणशी तीन बंदुकांची मुभा दोनवर आली. तिसरी जमा करायला वर्षाची मुदत, ती संपत आलेली. आबांकडं तीन होत्या : एक दुनळी, एक साधी एकनळी आणि ही. तिघांतलं एक लेकरू दत्तक द्या म्हटल्यावर बापाचं जे होतं, ते आबांचं झालं होतं. शेवटी त्यांनी निकष काढला, जी ओरिजनल नाही ती जाईल.

मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं. बंदुकीबद्दल मला एवढंच ठाऊक की ती स्त्रीलिंगी आहे. पण पूर्णेत 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्या गुरुजीला कुणी ओट्यावर बसू देत नाही. मी चष्मा पुसला.

बंदूक होती पंपाची. आमच्याकडं पंप म्हणजे विहिरीवरची मोटार, नाहीतर हापसा. ही दुसऱ्या जातीची. नळीखाली आणखी एक नळी, तिच्यात काडतुसं एकामागं एक ओळीनं बसलेली. खालची लाकडी मूठ मागं ओढली की रिकामं टरफल उडून बाहेर, पुढं ढकलली की नवं आत. घोडा बाहेरच, मागच्या बाजूला, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उभा. घराण्याची कथा अशी की महबूब अली पाशा, म्हणजे सहावे निजाम, शिकारीला या बाजूला आले, आबांच्या पणजोबांनी हाका घातला, वाघ पडला, पाशांनी खूश होऊन ही बंदूक इनाम दिली. पाशांना शिकारीचा नाद होता हे खरंच आहे. वाघाची लांबी मात्र मी ऐकत आलोय तशी वाढत आलीय.

शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली. तेव्हापासून या बंदुकीला दोनच कामं. निवडणूक लागली की ठाण्यात जमा व्हायचं आणि खंडे नवमीला पाटावर निजून हळदकुंकू लावून घ्यायचं. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत इतक्या वेळा ती ठाण्यात राहून आलीय की तिचं नाव मतदार यादीत कसं नाही, याचंच नवल.

मला काही उमगेना, म्हणून चाचांना बोलावलं. चाचा मीटर गेजच्या काळात लोको शेडला फिटर होते. नव्वदच्या दशकात मनमाडकडचा रूळ रुंद झाला, २००८ मध्ये अकोल्याकडचाही झाला, आणि चाचांचे सगळे पाने एका रात्रीत छोटे पडले. त्यांनी बंदूक हातात घेतली, तोंड भिंतीकडं केलं, पेटी उघडून आत करंगळी फिरवली आणि काडतूस नाही याची खात्री केली. मग पाच मिनिटं ते नुसते स्क्रू बघत बसले.

"नळीकडं कामून बघत नाहीत, चाचा?"

"नळी काहीबी सांगतीय, गुरुजी. इस्क्रू खोटं बोलत नाही."

स्क्रूच्या डोक्यावरची खाच बघायची. कारखान्यातून आलेली खाच सरळ आणि धारदार असते. कुणी घरच्या घरी चाकूनं, चमच्यानं, कुलपाच्या किल्लीनं फिरवला असेल, तर खाचेच्या कडा चघळलेल्या दातवणासारख्या होतात. मग काळेपणा. नव्या बंदुकीच्या लोखंडाला निळसर काळी झाक दिलेली असते. ती हात लागतो तिथंच उडायला हवी : पेटीच्या खालच्या कडेला, जिथं धरून चालतात तिथं. कोपऱ्यात, खोबणीत ती शाबूत हवी. सगळीकडं सारखीच काळीभोर दिसली तर म्हातारीनं केस रंगवलेत असं समजायचं. आणि रंगवण्याआधी घासावं लागतं, घासलं की अक्षरांच्या कडा बुडतात. चाचांनी खिशातून निजामाचा एक झिजलेला हाली रुपया काढला आणि अंगठा फिरवला. "ह्याच्यासारखं. हिचे अक्षर बघा, अजून नखाला लागायलेत."

अक्षरं नखाला लागत होती आणि डोळ्यालाही दिसत होती, याचं श्रेय खंडे नवमीला. पन्नास वर्षांचं कुंकू आणि गोडंतेल त्या खाचांत जाऊन बसलं होतं. पेटीच्या खाली लाल आकडे, नळीच्या मागच्या टोकाला लाल आकडे. दोन्ही जुळले. ही बंदूक मधून सुटी होते, आणि सुटी होणाऱ्या वस्तूची नळी एकीची, पेटी दुसरीची असा संसार पुष्कळदा असतो. आबांच्या बंदुकीची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळली. आकड्याच्या जोडीला 'ई' अक्षर होतं. अमेरिकेतल्या न्यू हेवन गावच्या विंचेस्टर कंपनीची १८९७ ची ही जात, मूळ रचना जॉन ब्राउनिंगची. रचनेत सुधारणा होईल तसं कंपनी अक्षर पुढं सरकवत गेली. ई म्हणजे बऱ्याच सुधारणा होऊन गेल्यावरची. १९५७ पर्यंत असल्या दहा लाखांवर निघाल्या. आबांना हा आकडा आवडला नाही. पाशांनी दिलेली वस्तू दहा लाखांतली एक असू नये असं त्यांचं मत पडलं.

मग नळीवर आणखी एक लाल ओळ लागली. मी ती मोठ्यानं वाचली, आणि इथून पुढं जे झालं त्याला मी जबाबदार आहे. तिथं लिहिलं होतं, 'नॉट इंग्लिश मेक'.

आबांचा चेहरा उतरला. "म्हणजे डुप्लिकेट?"

"तसं नाही, आबा."

"मग कुठली? चायना?"

त्यांना समजवायला मला दोन चहा लागले. इंग्लंडात विकायची प्रत्येक बंदूक तिथल्या परीक्षागृहात तपासायची, जादा दारू भरून उडवून बघायची आणि पास झाली की नळीवर शिक्का ठोकायचा, असा कायदा. परदेशी माल पास झाला तरी तो आपला नव्हे, हे शिक्क्यातच नोंदवून ठेवायचं. हैदराबाद संस्थानात मुलकी आणि गैरमुलकी असा भेद होता. नोकरी मुलकीला, बाहेरचा कितीही हुशार असो, तो गैरमुलकी. साहेबानं बंदुकीच्या कपाळावर तेच लिहिलं होतं. हे सांगितल्यावर आबांना एकदम पटलं. मुलकीचा दाखला काढायला त्यांच्या आजोबांनी किती खेटे घातले, ते त्यांनी सविस्तर सांगितलं.

पण एक गोष्ट मी त्यांना त्या दिवशी सांगितली नाही. हा नॉट इंग्लिश मेकचा शिक्का १९२५ च्या नियमांनी आला आणि पन्नाशीच्या मध्यापर्यंत चालला. बंदूक आधी घडली असेल, पण इंग्लंडातून शिक्का खाऊन निघाली ती १९२५ नंतर. महबूब अली पाशा १९११ मध्ये वारले. इनाम द्यायला ते चौदा वर्षांनी परत आले असतील, तर गोष्ट निराळी. वाघाची शेपूट धरून अख्खी कथा ओट्यावरून घसरत खाली चालली होती आणि आबा मुलकी दाखल्यात रमले होते. निजामाच्या काळातली मात्र ती होती; पुढचे निजाम १९४८ पर्यंत होतेच. आमचं पोतं मोठं असतं ते यासाठीच.

दस्ता ओरिजनल नव्हता, हे तर मलाही कळलं. पुढची मूठ अक्रोडाची, बारीक रेघांची. मागचा दस्ता आपल्या शिसमाचा, गावच्या सुताराच्या हातचा, आणि त्याच्या वळणात बैलगाडीच्या दांडीची आठवण स्पष्ट दिसत होती. आबा म्हणाले, "तेवढं एक सोडा." एवढं एक सोडून कोण ओरिजनल असतं? माझे वरचे सहा दात परभणीला बसवलेत, डाव्या डोळ्यात भिंग नांदेडचं. पूर्णा स्टेशनाचे रूळ बदलले, स्लीपर बदलले, इंजिनं गेली, फलाट लांबले, तरी आम्ही म्हणतो तेच जुनं जंक्शन.

चाचा तोवर एका स्क्रूवर अडले होते. पेटीच्या डाव्या अंगाचा, बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्या डोक्याचा. खाच सरळ, पण ती यंत्राची नव्हे, कानशीची. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बंदूक उजेडाकडं वळवली आणि अंगठ्यानं ते डोकं तीनचारदा चोळलं.

"हा शेडातला आहे."

"कोणत्या शेडातला?"

"आपल्या. पितळंचा दांडा घेऊन वळायचे उस्ताद, वरतून काळं करायचे. खाच करताना शेवटचा हात जरा उजवीकडं जायचा त्यांचा. मला किती सांगायचे, तू असं करू नको." ते थोडे हसले. "उस्ताद बासष्ट साली रिटायर झाले. म्हणजे त्याच्या आधीचा."

सगळ्या बंदुकीत वय नक्की सांगता आलं ते तेवढ्या एका स्क्रूचं. चाचांनी तो फडक्यानं पुसला, बाकी बंदूक तशीच आबांच्या हाती दिली.

आबांनी शेवटी दुनळी जमा केली. ती संपूर्ण ओरिजनल होती, एकही स्क्रू बदललेला नव्हता. तिच्याबद्दल कुणाला काही सांगण्यासारखंही नव्हतं. मी सोबत गेलो होतो. खिडकीतल्या तरुण हवालदारानं कागद चाळले आणि मान वर केली.

"काका, ओरिजनल आहे का?"

आबा सावरून बसले. "दुनळी एकदम ओरिजनल. घरी पंपाची आहे, तिचा दस्ता तेवढा..."

"लायसन, काका. ही झेरॉक्स आहे."