बोकडाची बत्तिशी

आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीवर आता जागा उरलेली नाही. कॅलेंडर केव्हाच दारामागे गेलं होतं, गेल्या वर्षी घड्याळही खाली उतरलं. त्याच्या खिळ्यावर आता नवं प्रमाणपत्र लटकलंय: 'दंतरोपणाचे दोन दिवसीय प्रगत प्रात्यक्षिक शिबिर'. सोनेरी काठ, तीन सह्या, कोपऱ्यात क्रेडिट पॉइंट बारा. डॉक्टरांनी जन्मभर शिकत राहावं म्हणून हे पॉइंट असतात. शाळेत बारा मार्कांसाठी निदान पेपर तरी लिहावा लागायचा. इथे सकाळी सही केली आणि संध्याकाळी फोटोला उभं राहिलं की झालं. मधल्या वेळेत बुफे.

गेल्या खेपेस खुर्चीत आडवा होतो, तोंडात ती पाणी ओढणारी नळी होती, तरी मी विचारलं, "दोन दिवसांत कशावर शिकवतात हो?" (नळीआडचं मराठी डॉक्टरांना बरोबर कळतं. त्याचं मात्र कुणी प्रमाणपत्र देत नाही.)

"बोकडाच्या जबड्यावर," ते म्हणाले. "एकदम फ्रेश असतात."

तेव्हापासून डोक्यातून बोकड जात नाही.

तसा मी बोकडाला कमी लेखणारा माणूस नव्हे. दर रविवारी सकाळी पिशवी घेऊन रांगेत उभा असतो. पण त्याच्या तोंडात कधी डोकावलो नव्हतो, ते आता डोकावलो. मोठ्या बोकडाचे दात बत्तीस, आपलेही बत्तीस. दुधाचे त्याचे वीस, आपलेही वीस. शिबिर आखणारा बहुधा इथवर मोजून जेवायला गेला. वरचा ओठ उचलून बघितला असता तर दिसलं असतं, की बोकडाला वरचे पुढचे दातच नसतात. एकही नाही. नुसती टणक हिरडी, तीही जन्मापासून. आपल्याकडे पुढचा एक दात पडला तर माणूस लग्नाच्या फोटोत तोंड मिटून उभा राहतो. बोकड त्या हिरडीच्या भरवशावर शेजाऱ्याचं अख्खं कुंपण फस्त करतो आणि इम्प्लांटचे हप्ते किती पडतील म्हणून विचारायला येत नाही.

पण पेशंट म्हणून काय गुणी! साखर नाही, मिश्री नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू नाही. 'अहो, जरा दुखतंय' म्हणून हात वर करत नाही. एक्स-रेला पैसे कशाला म्हणत नाही. हाडात भोक पाडताना वरून सलाइनचं पाणी सोडत राहावं लागतं, कारण जिवंत हाड 47 अंशांवर मिनिटभर तापलं तरी मरतं. बोकडाचं हाड आधीच मेलेलं, वर पुन्हा फ्रिजमधून आलेलं. त्याला काय तापवणार? स्क्रू आत गेला, घट्ट बसला, टाळ्या पडल्या, की शिबिर संपलं आणि जबडा काळ्या पिशवीत गेला. खरा प्रकार तर इथून पुढे सुरू व्हायचा असतो. टायटॅनियमला हाड धरतं की नाही हे कळायला तीन ते सहा महिने लागतात. स्वीडनमध्ये हे ध्यानात आलं ते सशाच्या हाडात, आणि ससा जिवंत होता. माणसाच्या तोंडात असे पहिले इम्प्लांट बसले 1965 साली. ज्याने ते बसवले त्याने मधली बारा-तेरा वर्षं बुफेत काढली नव्हती. आपल्याकडे मात्र सहा महिन्यांनी स्क्रू हलायला लागला अशी तक्रार घेऊन एकही बोकड परत आलेला नाही. शंभर टक्के यश!

बरं, फी? किट विकत घेतलं तर कोर्स फुकट. धर्माची गाय अन् दात का नाय, असं विचारायचं नसतं. इथे तर गायही नाही.

तारांचं शिबिर त्याहून सोपं. तिथे मेणात रोवलेले खोटे दात देतात. तारा बांधायच्या, साचा गरम पाण्यात बुडवायचा, की मेण मऊ होतं आणि दात सरकतात. दोन वर्षांचं काम चहा यायच्या आत. शेजारच्या मुलीच्या तारांना चौथं वर्ष लागलंय. तिच्या आईला मी अजून गरम पाण्याचं सुचवलेलं नाही.

आणि लहान मुलांच्या दातांचा कोर्स? त्यात तर 'आधी सांगा, मग दाखवा, मग करा' हे सूत्र स्लाइडवर येतं. सूत्र चांगलं आहे, जुनं आहे. पण माझ्या नातवाला सांगितलं तेव्हा त्याने कान झाकले, दाखवलं तेव्हा डोळे मिटले आणि करायला गेले तेव्हा बोट चावलं. हे स्लाइडवर नव्हतं. बोकड चावत नाही ना!

आता हसणं पुरे. माझ्या खालच्या ओठाची डावी बाजू गेले आठ महिने बधिर आहे. दाढेच्या जागी इम्प्लांट बसवताना ड्रिल जरा खोल गेलं. 'जरा' हा शब्द डॉक्टरांचा. चहा पिताना हनुवटीवरून ओघळतो आणि मला कळत नाही, सून रुमाल पुढे करते तेव्हा कळतं. याच विषयात पदवीनंतर आणखी तीन वर्षं घासणारी पोरं आहेत. ती रात्री जागतात, शिव्या खातात, एकेका केसमागे सहा महिने थांबतात. आणि त्यांच्या पदवीच्या शेजारीच, तसल्याच काचेच्या फ्रेममध्ये, शनिवार-रविवारचं शिबिर! पेशंटने फ्रेमचे काठ मोजायचे का? मी विचारलं तर म्हणाले, "काका, फॉर्मवर सही केलीय तुम्ही." केली होती. तोंडात कापूस कोंबलेला असताना, चष्मा काढून ठेवलेला असताना, कशावर ते न बघता केली होती. मला तर पॉइंटही मिळाले नाहीत.

परवाच्या रविवारी मटणाच्या दुकानात चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवून माझ्या ओठाकडे पाहिलं, मग हुकावरची मुंडी काढली, जबडा उलटा करून ओंडक्यावर ठेवला. सुरीचं टोक दाढांच्या खालून पुढे सरकवत आणलं आणि एका बारीक भोकापाशी थांबले.

"ही बघा नस. आतनं येते, इथनं बाहेर पडते. हिला सांभाळून वर राहायचं. तुमच्या डॉक्टरला कुणी सांगितलं नाही?"

चाचा तीस वर्षं जबडे सोडवतायत. त्यांच्या भिंतीवर दुकानाचा परवाना आहे आणि एक घड्याळ. घड्याळ चालू आहे. साडेनऊ झाले होते, मागे रांग ओरडायला लागली.