शिंगाचा धनी

भांड्यांवर नावं घालण्यात मराठी माणसाचा हात कोणी धरणार नाही, हा माझा समज बॉस्टनजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मोडला. तिथे मी गाईचं एक शिंग घेतलं. बंदुकीची दारू ठेवायचं. त्यावर चाकूनं कोरलेलं मालकाचं नाव, रॉक्सबरी हे गाव, १७७५ साल आणि मासा की तोफ हे ठरू न देणारं एक चित्र.

दारू ठेवायला शिंग नामी. ओल लागत नाही, ठिणगी पडत नाही. तासून पातळ केलं की उजेडात धरून आत किती उरलंय तेही दिसतं. त्या साली वॉशिंग्टनच्या फौजेनं बॉस्टनमधल्या इंग्रजांना वेढा घातला होता. ऑगस्टात दारूची मोजदाद झाली, तर माणशी जेमतेम नऊ बार निघतील एवढीच! शिंगं रिकामी आणि हातही रिकामे. सैनिक कोरत बसणार नाही तर काय करणार?

मुक्कामाला आलेल्या आईनं शिंग फिरवून पाहिलं. "नाव देणाऱ्याचं की घेणाऱ्याचं?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या घरातलं निम्मं स्टील नावावरून पाहिलं तर आत्याच्या मालकीचं ठरेल.

तरी मी शिंगाचा धनी शोधायला निघालो. मॅसॅच्युसेट्सनं आपल्या क्रांतियुद्धातल्या सैनिकांची यादी सतरा खंडांत छापली आहे. कारकुनांनी ऐकू येईल तसं लिहिल्यामुळे एकाच आडनावाची चार रूपं, आणि प्रत्येक रूपाखाली आमच्या धन्याचे नावबंधू. काहींची उंची आणि वर्णही दिलेला.

"पगार?" आईनं विचारलं.

"सहा डॉलर आणि वर दोन तृतीयांश. महिन्याला. तोही वेळेवर नाही."

"मग राहू दे."

शिंगं जमवणारे एक गृहस्थ मात्र माझं अपयश ऐकून खुलत गेले. हा कॅप्टन नव्हता? छान! बंकर हिलला नव्हता? फारच छान! मोठं नाव, गाजलेली लढाई असली की किंमत चढते, म्हणून नकली कोरणारे तेच कोरतात. फुकटचा नगण्य माणूस कोण कोरेल? म्हणजे आमचा धनी जितका सामान्य, तितकं शिंग अस्सल.

शेवटी पेन्शनचे कागद उघडले. १८१८ च्या कायद्यानं गरजू माजी सैनिकांना पेन्शन दिली. अर्ज इतके आले की १८२० पासून सरकार घरातल्या चीजवस्तूंची यादी मागू लागलं. नावबंधूंपैकी एकानं रॉक्सबरीची चाकरी सांगून यादी दिली होती: एक म्हातारी गाय, दोन डुकरं, मोडक्या खुर्च्या, गळकी किटली. शिंगाचा पत्ता नाही. म्हणजे हा तो नव्हे, असं मी खिन्नपणे जाहीर केलं.

"अरे," आई म्हणाली, "सरकारी अर्जात घरातलं सगळं कोण लिहितं? हाच तो."