लिमात एकादशी

खारघरच्या उत्सव चौकाजवळच्या जोडप्याने पेरूची राजधानी लिमा नुकतीच पाहिली, आणि तीही जिभेचे चोचले न पुरवता. हा संयम अनुकरणीय आहे. 2023 साली युनेस्कोच्या वारसायादीत गेलेलं सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, त्यांनी फोटोपुरतं मागवलं. मग हॉटेलच्या खोलीत मेतकूट-भात.

खरी कसोटी एकादशीला लागली. बॅगेत साबुदाणा, दाण्याचं कूट, मिरच्या सगळं होतं. बटाटा तेवढा नाइलाजाने तिथला घ्यावा लागला. चार हजारांवर वाण जपणारं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र 1971 पासून याच शहरात आहे. तरीही 'वाशी मार्केटची चव नाही' हा अभिप्राय काकूंनी निर्भीडपणे नोंदवला.

साबुदाण्याचा कसावा मूळचा ब्राझीलकडचा, शेंगदाणा बोलिव्हियाच्या बाजूचा, मिरचीही अमेरिकेतलीच. ही मंडळी काही शतकांपूर्वी गलबतांतून इकडे आली होती. काकांनी त्यांना 23 किलोंच्या मर्यादेत माहेरी नेऊन आणलं.

परतल्यावर सोसायटीने दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला: दक्षिण अमेरिकेतलं काहीही पोटात न जाऊ देता सुखरूप आल्याबद्दल.