मुंबयकार निघतो

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी सांजेला आरती होते, हातावर दही-पोह्यांची शिदोरी ठेवली जाते आणि देव व्हाळात बुडी मारून मोकळा होतो. तासाभराचं काम. माझ्या मुंबईच्या काकाला मात्र निघायला दोन दिवस लागतात, आणि त्याची रजा असते एकूण चार दिवसांची.

मुंबयकार म्हणजे नुसता मुंबईत राहणारा नव्हे. डोंबिवलीत त्याला सगळे 'गोवेकर' म्हणतात. चवथीला मयेत पाय ठेवला की तो मुंबयकार होतो. दोन्हीकडे परका म्हणून दोन्हीकडे हौस जास्त. ऑफिसात दरवर्षी त्याला विचारतात, "मग काय, बीचवर मजा?" आता मये डिचोली तालुक्यातलं. भोवती डोंगर, कुळागरं, आणि पाणी म्हणाल तर एक तळं. समुद्र बघायचा तर आम्हालाच बस बदलावी लागते. काका हे तिकडे कुणाला सांगत नाही. "झकास" एवढंच म्हणतो.

तो येतो त्या क्षणापासून निघायला लागतो. पायरीवर चपला काढता काढता पहिलं वाक्य, "परवा दुपारी निघायचंय हां." आतून आजी विचारते, "च्या घेता मरे?" यापुढे प्रत्येक गोष्ट 'निघायच्या आधी' या खात्यात जमा होते. निघायच्या आधी देवळात जायचंय. निघायच्या आधी तळ्यावर फोटो काढायचाय. निघायच्या आधी वाड्यावर सगळ्यांना सांगून यायचंय.

हे सांगून येणं म्हणजे स्वतंत्र दौरा. 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं असतं, आणि काका शब्दाचा पक्का. येतो म्हणतो आणि खरोखर परत येतो. पहिल्या घरी नेवऱ्या, दुसऱ्या घरी पातोळ्या. तिसऱ्या घरी उंबऱ्यावरूनच निरोप घेतला म्हणून रुसवा, म्हणून संध्याकाळी पुन्हा तिथे, यावेळी बसून. तळ्यावर बंजी जंपिंग सुरू झालं तेव्हा पायाला दोरी बांधून माणसं 55 मीटरांवरून उडी टाकतात आणि झोके खात पुन्हा वर येतात, हे बघायला अख्खा गाव लोटला होता. आमच्या घरच्यांना त्यात नवीन काही दिसलं नाही.

चौथ्या घरी विषय जमिनीचा. मयेत हा विषय बाहेर निघाला की लवकर आत जात नाही. गावातली बरीचशी जमीन कोंदाची, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या मयेच्या काउंटची. 1961 साली गोवा मुक्त झाला, कोंद गोव्याबाहेर, आणि 1964 च्या कायद्याने ही स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारच्या कस्टोडियनकडे गेली. लोक आपल्याच घरात, पण आपली नसलेल्या जमिनीवर, पिढ्या काढत राहिले. 2014 साली मालकी रद्द करणारा कायदा आला, तेव्हापासून सनदांची बोलणी. काका दरवर्षी उठता उठता जाहीर करतो, "पुढच्या खेपेला आठ दिवस काढून येतो आणि सनदेचं बघूनच टाकतो." बाबा यावर तांब्यातलं पाणी पितात. मला राहून राहून कौतुक वाटतं ते कोंदाचं. निघाला तो निघाला. नारळसुद्धा घेतले नाहीत.

आजोबा मुंबईला जायचे पणजीहून सुटणाऱ्या बोटीने. काकाने तरुणपणी रात्रभर घाटातून एसटीचे धक्के खाल्ले. मग 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि आम्ही त्याला थिवीला सोडायला जाऊ लागलो. गाडी उशिरा यायची, तेवढंच निघणं लांबायचं, सगळे खूश. 2023 पासून मोपाला विमानं उतरतात. रात्रभराचा प्रवास सव्वा तासावर आला, पण दोन दिवसांचं निघणं दोन दिवसांचंच राहिलं. विमानाने एकच अडचण आणली: 15 किलो.

आजीला किलो मान्य नाहीत. उकडे तांदूळ सुनेला, सोलं वर्षभराची, सात शिरांचे भेंडे, गणपतीवरच्या माटोळीला टांगलेलं तवशें, हळदीची पानं (डोंबिवलीत मिळतात, पण ती 'आमची' नव्हेत), आणि आठ नारळ. काका दुकानावरून वजनकाटा मागून आणतो. काटा 23 दाखवतो. काका तवशें काढून ओसरीवर ठेवतो आणि अंघोळीला जातो. परत येऊन बघतो तर 24. आजी देवापुढे वाती वळत बसलेली.

शेवटी टॅक्सी येते. काका बसतो. उतरतो, देवाला नमस्कार राहिला. बसतो. पुन्हा काच खाली करून विचारतो, "गॅस बंद केलाय ना?" आम्ही कुठेही जाणार नसतो, पण "केलाय" म्हणतो. ड्रायव्हर आमच्याच वाड्यावरचा. त्याने वेळ काकाला एक सांगितलेली असते, आम्हाला दुसरी.

गाडी वळणाआड गेली की घराला एकदम जांभई येते. कुणी कुणाशी बोलत नाही. मग आजी उठते, काका झोपायचा त्या खाटेखाली वाकते आणि चादरीत गुंडाळलेलं एकेक बाहेर काढते. तवशें. तांदळाची अर्धी पिशवी. नारळ, भिंतीला लावून नीट रांगेत ठेवलेले.

ती मोजते.

"आठांतले पांच व्हेले," ती म्हणते. "औंदां एक चड व्हेलो."

आणि रात्रीच्या हुमणासाठी त्यातलाच एक फोडते.