सेट टॉप बॉक्सवाले अप्पा

उज्जैनच्या जुन्या मराठी वस्तीत गल्लीगणिक एक अप्पा असतात. पूर्वी ते पंचांग बघून मुहूर्त काढून देत. पुढे स्कूटरचा नंबर कधी लागेल ते सांगू लागले, मग इन्व्हर्टरची बॅटरी कितीची घ्यावी ते. छतावर छत्र्या आल्या तेव्हा त्यांनी सेट टॉप बॉक्स हा विषय घेतला. आमच्या गोपाळ मंदिरामागच्या गल्लीतले अप्पा हे या जातीचं अस्सल वाण. गणिताचे निवृत्त मास्तर, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि कुठल्याही यंत्राकडे वह्या तपासायच्या नजरेने बघायची सवय.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली, तेव्हा अप्पांचे पूर्वज मागे राहिले. का राहिले याची नोंद घराण्यात नाही. माझा अंदाज असा, की ‘ग्वाल्हेरची नीट चौकशी करू, मग ठरवू’ असं म्हणून ते बसले असावेत, आणि ती चौकशी अजून पुरी झालेली नाही.

राजधानी गेली, मराठी राहिली. पण केबलवाल्याला ती मोजायची नव्हती. मराठी वाहिनी लाव म्हटलं की तो विचारायचा, “चार घरों के लिए?” २००६ साली घरोघर छत्री लावणारं टाटा स्काय आलं, त्याच्या आगेमागे बाकीच्या कंपन्या आल्या, आणि मुंबईची मालिका त्याच संध्याकाळी शिप्राकाठी दिसू लागली. मराठी घरांत छत्री ही चैनीची वस्तू राहिलीच नाही. तिची गणना कुकरशेजारी झाली. अप्पांनीही एक साधा डबा घेतला, तोही त्यांच्या पत्नीने, माईंनी, दोन दिवस अबोला धरल्यावर. पण २००८ मध्ये रेकॉर्डिंगवाला डबा आला, पाठोपाठ एचडी आलं, आणि अप्पांना आयुष्याचं उरलेलं काम मिळालं.

त्यांनी वही घातली. शंभर पानी, रेघी. डावीकडे कंपन्या, उजवीकडे गुण. एचडी चित्रात आडवे १९२० ठिपके, उभे १०८०. साध्या चित्रात ७२० आणि ५७६. गुणाकार करा, भागाकार करा, उत्तर बरोब्बर पाच येतं. अप्पांनी हा हिशेब मला चहा थंड होईपर्यंत समजावला आणि शेवटी विचारलं, “बाकी किती?” मी म्हटलं, शून्य. तेव्हा त्यांनी बिस्किटाची बशी पुढे केली.

खरी गोम ट्यूनरमध्ये आहे, असं त्यांचं ठाम मत. एक वाहिनी बघताना दुसरी रेकॉर्ड करायची तर डब्यात ट्यूनर दोन हवेत, आणि छत्रीवरच्या एलएनबीपासून, म्हणजे लहरी टिपणाऱ्या त्या डबीपासून, डब्यापर्यंत ताराही दोन हव्यात. बसवायला येणारी पोरं घाईत एकच तार ओढून जातात. मग दुसरा ट्यूनर म्हणजे लग्नातला करवला: पोशाख सगळा, काम काही नाही. म्हणून गल्लीत कुणाकडे डबा बसत असला की अप्पा जिन्यात उभे राहून तारा मोजतात. तुमच्या घरातले पाहुणे मोजले नाहीत तरी चालेल, तार मोजल्याशिवाय ते हलत नाहीत.

फ्रीगंजमधल्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. अप्पांनी विचारलं, हार्ड डिस्क किती? पाचशे जीबी. एचडी तासाला चारेक जीबी खातं, म्हणजे सव्वाशे तास. रेकॉर्ड केलेलं पेन ड्राइव्हवर घेता येतं का? दुकानदार म्हणाला, “सब हो जाता है, भिया.” अप्पांनी चष्मा काढला. ते कुलूपबंद असतं, ज्या डब्यात रेकॉर्ड झालं त्याच डब्यात उघडतं, हे त्यांनी दुकानदाराला त्याच्याच गल्ल्यावर हात ठेवून शिकवलं. आणखी दोन गिऱ्हाइकं ऐकत थांबली. ती दोघंही डबा न घेता गेली. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, “साहब, रिमोट के साथ सेल फ्री है.” अप्पांनी वहीत लिहिलं: सेल – मोफत.

या सगळ्या काळात अप्पांच्या घरी टीव्ही होता तो पोटवाला, पिक्चर ट्यूबचा. त्याच्या पाठीला लाल-पांढरी-पिवळी भोकं, एचडीएमआयचं नाव नाही. त्यावर एचडी डबा लावला तरी चित्र साधंच दिसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. “आधी डबा ठरू दे,” ते म्हणत. “डब्याला साजेसा टीव्ही बघता येईल.” माई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “स्थळ ठरलं नाही आणि हे मांडव मोजताहेत.”

२४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिनने ग्वाल्हेरात, म्हणजे आमच्याच राज्यात, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद दोनशे केल्या. एकदिवसीय सामन्यात पुरुषांमध्ये पहिल्यांदाच. अप्पा त्या दिवशी एका लग्नाला गेले होते. अजून सांगतात, “रेकॉर्डिंगवाला डबा असता तर तो डाव आज माझ्याकडे असता.” सांगताना स्वर असा, की सचिननेच थोडं थांबायला हवं होतं.

छत्रीच्या दिशेच्या बाबतीत मात्र त्यांना कुणी हरवू शकत नाही. उज्जैन ही जुन्या ज्योतिर्गणिताची शून्य रेखा, पूर्व रेखांशाच्या पंचाहत्तर अंश पंचेचाळीस कलांच्या जवळपास. टाटाचा उपग्रह ८३ अंशांवर, तेव्हाच्या व्हिडिओकॉनचा ८८वर, डिशचा ९५वर, एअरटेलचा १०८वर: सगळे आपल्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या डोक्यावर, जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटर. म्हणजे टाटाची छत्री दक्षिणेहून जराशी पूर्वेला, आणि वर साठ-बासष्ट अंश. बसवायला आलेलं पोरगं मोबाइलमधलं होकायंत्र काढू लागलं की अप्पा त्याला थांबवतात. जयसिंगाने इथे वेधशाळा बांधली ती मोबाइल बघून नाही. आणि शेवटचा पुरावा: “महाकाळाचं मुख दक्षिणेला. छत्रीचंही दक्षिणेला. यात विचारायचं काय?”

२०१६ साली सिंहस्थ आला आणि त्याच वर्षी मराठी वाहिन्याही एचडीत येऊ लागल्या. मुलाने पुण्याहून सपाट टीव्ही पाठवला, सोबत डबाही, वडिलांना न विचारता. अप्पा आठवडाभर खिन्न होते. वही बंद झाली होती ना. मग त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. ‘पूर्ण मालिका’ हे बटण दाबलं, आणि डब्याने रात्रीचा भाग, दुपारचा पुनःप्रक्षेपित भाग आणि रविवारचा एकत्रित भाग, तिन्ही इमानाने साठवले. सव्वाशे तासांत एकच सासू. अप्पांनी त्यातलं काही पाहिलं नाही, पण किती टक्के जागा उरली ते रोज पाहिलं.

श्रावणातल्या सोमवारची महाकाळाची सवारी गोपाळ मंदिरावरून जाते. एका वर्षी ती कुठल्याशा हिंदी वाहिनीवर थेट दाखवणार होते. अप्पांनी वेळ लावून ठेवली. बाहेर डमरू, झांजा, ‘जय महाकाल’, माई पदर सावरत ओट्यावर, आणि अप्पा आत, लाल ठिपका पेटलाय ना ते बघत. एवढ्यात पाऊस आला. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, मोठ्या सरीत पाण्याचे थेंब त्या पिऊन टाकतात. अप्पांनी हे मला स्वतः आकृती काढून दाखवलं होतं. डब्याने तुटक्या चौकोनांचं चित्र तेवढं रेकॉर्ड केलं, उत्तम प्रतीत, आणि पुढे दीड तास पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ हीच पाटी धरली. पालखी घरापासून हाकेच्या अंतरावरून गेली. माई आत येऊन म्हणाल्या, “प्रसाद घ्या. हा थेट आहे.”

ते रेकॉर्डिंग त्यांनी पुसलेलं नाही. पाऊस आला की एचडीत कसं दिसतं, हे गिऱ्हाइकांना दाखवायला उपयोगी पडतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नवे दर आले: शंभर वाहिन्यांना १३० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि एक एचडी वाहिनी दोन वाहिन्यांच्या बरोबरीची. त्या महिन्यात अप्पांच्या ओट्यावर रांग लागली होती. कुणाच्या नऊ वाहिन्या जास्त, कुणाच्या बातम्यांच्या चार कमी. अप्पांनी नवी वही घातली. इतके सुखी मी त्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तेव्हा तुम्हाला डबा घ्यायचाच असेल, तर अप्पांकडे जरूर जा. सकाळी पोह्यांच्या वेळेला जा; संध्याकाळी सातनंतर माईंच्या मालिका असतात. टीव्हीच्या पाठीचा फोटो काढून न्या, गच्चीवर दक्षिणेला झाड आहे का ते पाहून ठेवा, वहीसाठी एक पेन जास्तीचं असू द्या. फक्त ‘हल्ली सगळं मोबाइलवरच दिसतं की’ हे वाक्य त्या घरात बोलू नका.