पटलावर ठेवले

लोकसभेत ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास. यादीत २० तारांकित प्रश्न. चार-पाचांना तोंडी उत्तर मिळालं तरी दिवाळी. एरवी घोषणा, फलक आणि ‘१२ वाजेपर्यंत तहकूब’. मग कागदपत्रं पटलावर ठेवायची. ठेवायची, वाचायची असं कोण म्हणालं?

खरं काम म्हणे स्थायी समित्यांत चालतं. ३१ सदस्य, बंद दार आणि मुख्य म्हणजे कॅमेरा नाही, त्यामुळे आवाज आपोआप खालच्या पट्टीत. सकाळी एकमेकांवर धावून गेलेले दोघे दुपारी शेजारी बसून सचिवांना नेमकं विचारतात. महिनोन्‌महिने खपून अहवाल तयार होतो. शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, एवढीच बारीकशी अडचण. तोही पटलावर ठेवतात.

१९९३ मध्ये अशा १७ समित्या होत्या, आता २४. पटलाचं लाकूड सागवानीच असणार.